नूतनच्या दोरीवरचा शर्ट

लेकीला, प्रीतीला, पहिली मुलगी झाली, तिचं नाव उन्नती ठेवलं, त्या साली म्हणजे दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात बबनने मोरिवलीच्या एका कारखान्यात कँटीनचं काम धरलं. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण घरात बसवत नव्हतं. घरात बायको गयाबाई अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्याशी एकेक शब्द तोलून बोलावा लागे.

का, ते सगळ्या चाळीला ठाऊक होतं. त्यांचा थोरला राजेंद्र वापीला कामाला होता, एकटाच राहायचा. तिथेच छातीत कळ येऊन गेला. गयाबाई तेव्हा लकव्याने दवाखान्यात होती. धक्का देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून बबनने तिला सांगितलं, राजू सौदीला गेलाय, तिकडून फोन लागत नाही. मयताचं पुण्यानुमोदनसुद्धा लेकीच्या घरी, शिरगावला उरकलं. तिथे बबन पांढरा सदरा घालून बसला आणि घरी येताना चौकड्याचा चढवून आला. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. पोरासाठी बायकोच्या शेजारी बसून रडायचं, तेवढंही त्याच्या वाट्याला आलं नाही.

कँटीनचा मुकादम चंदू म्हणाला, "काका, पांढरा शर्ट लागेल. सुतीच घ्या, पातळ. टेरिकॉट भट्टीपाशी अंगाला चिकटतं."

बबन उल्हासनगरला, कॅम्प पाचला गेला. सिंधी दुकानदाराने एक शर्ट समोर टाकला. "चाचा, ये लो. इस्त्री का झंझट नहीं."

"सुती दाखवा."

"प्युअर सुती है."

बबनने शिलाईतला सुटा धागा ओढला. "माचिस आहे?"

"दुकान जलाओगे क्या?" दुकानदार हसला, पण काडेपेटी दिली. काडी लावताच धागा वितळून टोकाला काळा मणी झाला, म्हणजे टेरिकॉट. दुसऱ्या शर्टचंही तेच. तिसऱ्याचा धागा कागदासारखा जळला, बोटावर राख उरली. तो शर्ट उजेडाकडे धरला तर पलीकडचा रिक्षा स्टँड दिसत होता.

"हा द्या."

"घर में शादी है क्या?"

"काम आहे," बबन म्हणाला.

पिशवी घेऊन निघाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. आपल्या बौद्धांत लग्नालाही पांढरं आणि मयतालाही पांढरं. लग्न तर घरात कुणाचं नाही. गयाबाई बघेल आणि विचारील.

मग शर्ट कारखान्यातच राहू लागला. सकाळी तिथे घालायचा, संध्याकाळी उतरवायचा. अंगावर आहे की नाही कळू नये इतका हलका. पंख्याचा वारा आरपार जायचा. "काका, डाळ वाढा," "काका, आज नवरदेव दिसताय," असं पोरं ओरडायची. राजेंद्रच्या वयाची पोरं. एखाद्याला सांगावं असं वाटायचं, पण हातात डाव असायचा आणि रांग पुढे सरकायची. आठवड्यातून दोनदा शर्ट शेजारच्या नूतनकडे यायचा. ती धुऊन आपल्याच दोरीवर वाळत घालायची.

असे चार महिने गेले. एका संध्याकाळी तो घरी आला तर गयाबाई खिडकीकडे तोंड करून पडलेली.

"अहो, नूतनच्या दोरीवर तो पांढरा शर्ट कुणाचा?"

"असेल तिच्या नवऱ्याचा."

"त्याच्या ढेरीवर तो बसेल तरी का? तुमचाच आहे."

"कामाचा आहे गं. कँटीनचा."

"कामाचा आहे, तर आपल्या दोरीवर का नाही?"

बबनने हातातली पिशवी खुंटीला अडकवली. पहिल्याच दिवशी उघड घालून गेला असता तर ती एक शब्द बोलली नसती.

"आजारी आहे मी, आंधळी नाही. चार महिने बघतेय. कामाचे कपडे कुणी शेजारी लपवतं का?" तिचा चांगला हात चादरीवर फिरत होता. "तुम्ही पांढरं माझ्यापासून लपवताय. आपल्यातलं कोण गेलं?"

"गया, तुझी तब्येत..."

"तब्येतीचं मी बघीन. राजूचा आवाज ऐकून वर्ष झालं. नाव सांगा."

बबन खाटेच्या कडेला बसला. स्वतःच्या घरात पहिल्यांदाच त्याने ते मोठ्याने सांगितलं: आपला थोरला राजेंद्र, वय छत्तीस, दोन हजार तेवीस सालच्या ऑगस्टच्या सतरा तारखेला, गुरुवारी दुपारी, वापीत वारला.