भारोभार गूळ

आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. अंड्याचं टरफलसुद्धा आमच्या उकिरड्यावर सापडायचं नाही. त्यामुळे माझी थोरली जाऊ सुमनबाई एवढी जाड कशी, हा गावातल्या बायांचा आवडता विषय होता. मटण खाणारा माणूस सुटला तर कुणाला काही वाटत नाही. माळकरी बाई सुटली की लगेच संशय. "रुपा, तुझी जाऊ चोरून काय खाती गं?" असं मला तोंडावर विचारणाऱ्या बाया होत्या.

चोरून कशाला खाईल? उघड खायची. सोमवारी साबुदाणा, गुरुवारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, एकादशीला दोन्ही आणि वर तळलेले बटाटे. सप्ताहात पुऱ्या आणि लापशी. दिवसभर गोड चहा. आमच्याकडे उपासाला जेवढं शिजतं तेवढं जेवणाला शिजत नाही. मी तिला अक्का म्हणायची. अक्का हसून सांगायची, "माझं वजन देवाधर्माचं हाय." हसली की तिचं पोट आधी हलायचं, आवाज मागून यायचा. त्या हसण्यानं आमचं घर भरलेलं असायचं.

मार्गशीर्षात ती चुलीपुढेच कोसळली. हिंगोलीला दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की शुगर भयंकर वाढली आहे. ती शुद्धीवर येईना. माझे भासरे, म्हणजे अक्काचे नवरे सटवाजी, त्यांना आम्ही दादा म्हणतो, दवाखान्यातून तडक नरसीला गेले आणि नामदेव महाराजांपुढे नवस बोलले, "माझी सुमन चालत घरी येऊ द्या. तिच्या भारोभार गूळ वाटीन."

अक्का चालत घरी आली. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की वजन उतरवा, साबुदाणा आणि गोड बंद करा, आणि गोळी घेतली की वेळेवर जेवा. तीन गोष्टी सांगितल्या. आमच्या घरानं पहिल्या दोन ऐकल्या.

नवस चैत्री एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला फेडायचा ठरला. तोवर हळद शिजून वाळून हाती आलेली असते, पाव्हण्यारावळ्यांना सवड असते. दादांची हौस अशी की विचारू नका. हळदीचे व्यापारी उकंडराव त्यांचे जुने दोस्त. त्यांच्याकडे पोती तोलायचा दोन पारड्यांचा मोठा जुना तराजू होता. तो नरसीला देवळापुढे टांगायचा, एका पारड्यात अक्का, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. उकंडराव ओसरीवर बसून म्हणाले, "वहिनी, साखळी नवी टाकून घेतो. जुनीचा भरवसा न्हाई." सगळे हसले. अक्काही हसली.

मी तिच्याकडे पाहत होते. या खेपेला पोट हललं नाही, नुसता आवाज आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खळ्यावर वाळलेली हळद निवडत होतो. अक्का मान खाली घालून म्हणाली, "रुपा, साऱ्या गावासमोर मला पारड्यात बसवणार हायेत. पोतं बसवावं तसं. हिकडून भेल्या टाकतच राहतील अन् माझं पारडं काही उठायचं न्हाई. पोरं मोबाइलवर फोटो काढतील."

"मग दादांना सांग ना, नको म्हणून."

"कसं सांगू? माझ्यासाठी बोललेत ते. त्यांचं तोंड पाहिलंस का, किती खुशीत हायेत? तूबी सांगू नको. तुला माझ्या माळेची आण हाय."

आणि तिनं उपास वाढवले. सोमवार, गुरुवार होतेच, त्यात मंगळवार आणि शनिवार आले. साबुदाणा बंद, भगर बंद. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणायची. दूधही सोडलं. उरलेल्या दिवशी अर्धी भाकरी, तीही मी समोर बसले तर. गोळी मात्र रोज न चुकता घ्यायची, कारण दादा स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहायचे.

ती रिकाम्या पोटी राहते म्हटलं असतं तर कुणीतरी ओरडलं असतं. उपास धरला म्हटल्यावर सगळे पाया पडायला लागले. माळकऱ्याच्या घरात उपास मोड असं कोण म्हणणार? तिचे गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, पोलक्याला मीच दोनदा टिपा मारल्या. ज्या बाया चोरून काय खाते म्हणत होत्या त्याच आता "माळ पावली गं बाई" म्हणायला लागल्या. सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी तिला उभं करून सांगितलं, "देह कसा झिजवावा ते ह्या माउलीकडून शिका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा इतका राग आला की मी आरतीला न थांबता घरी निघून आले. अक्काचा चेहरा मात्र उजळला होता. उभ्या जन्मात तिच्या शरीराबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं, पहिल्यांदाच बोलत होते.

माळेची आण होती, तरी मी एक दिवस ती मोडली. आमच्यात भासऱ्यांशी समोर उभं राहून कुणी बोलत नाही. मी दाराआडून का होईना, पण स्पष्ट बोलले.

"दादा, अक्का पोटाला खाऊन न्हाई राहिली. पारड्यात बसायची लाज वाटते म्हणून करून राहिली सारं. नवस गपचूप फेडा, नाहीतर पुढं ढकला."

 दादा म्हणाले, "पोरी, मला तर ती हाय तशीच चांगली दिसत होती. पण आता देवाचं करून राहिली, त्यात आडवं कसं येऊ? द्वादशी आलीच की. मग मी सोता भरवीन तिला."

एकादशीला सकाळी गुळाचा टेम्पो आला. दादांनी तिच्या जुन्या वजनाच्या अंदाजानं भेल्या आणल्या होत्या. माजघरात भिंतीला लावून रास केली, वर नवं धोतर पांघरलं. घरभर गुळाचा वास सुटला. अक्का रास पाहून मला म्हणाली, "एवढा लागायचा न्हाई आता. भेल्या काढाव्या लागतील पारड्यातून." तिला किती आनंद झाला होता त्याचा!

त्या दिवशी तिनं निर्जळी धरली. गोळी तेवढी घोटभर पाण्याबरोबर घेतली. दुपारी मी खळ्यावरून आले तर ती राशीशेजारी भिंतीला टेकून बसली होती. घामानं लुगडं भिजलेलं, हात थरथरत होते, बोलणं जड झालेलं. दादा तिला पंख्यानं वारा घालत होते. तिनं धोतराखाली हात घालून एक भेली ओढली. नख मारून खडा काढत होती. दादांनी तिचा हात धरला. अगदी हळू, लेकराचा धरावा तसा.

"न्हाई सुमन. शुगर हाय तुला. अन् देवाला अजून चढवला न्हाई. आजच्या दिस थांब."

"थोडासा..." ती म्हणाली.

"उद्या देतो ना. देवाचा प्रसाद म्हणून देतो."

तिनं हात मागं घेतला. नवऱ्याचं तिनं कधी मोडलं नव्हतं. मी पाणी आणायला आत गेले आणि तांब्या घेऊन परत आले तोवर तिची मान कलली होती.

हिंगोलीच्या रस्त्यातच ती गेली. डॉक्टरांनी तपासून आम्हाला विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं होतं?" एकादशी होती, मी म्हणाले. "गोळी?" घेतली होती. ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "पोटात काही नसताना गोळी घेतली की रक्तातली साखर पार उतरते. थरथर होते, घाम सुटतो. अशा वेळी तोंडात गुळाचा खडा टाकायचा असतो. बहुतेक वाचल्या असत्या."

दादा दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले.

घरी आणलं तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. एकादशीचं मरण, केवढी पुण्यवान, असं जो तो म्हणत होता. उचलून खाली ठेवताना कुणीतरी म्हणालं, "फुलासारखी हलकी झाली." मी किंचाळले, "ती हलकी नव्हती! तुमी हलकी केली तिला!" बायांनी मला धरून बाजूला बसवलं. दुःखानं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असेल. वाटो.

शेवटी तोंडात तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी घालायची वेळ आली. दादा उठले आणि माजघरात गेले. धोतर बाजूला फेकल्याचा आवाज आला. ते भेली घेऊन बाहेर आले, तीच, जिच्यावर अक्काच्या नखाची खूण होती. कुणीतरी म्हणालं, "सटवाजी, देवाचा गूळ हाय तो, नवस फिटला न्हाई अजून." दादांनी ऐकलं नाही. त्यांनी भेली उंबऱ्यावर आपटून फोडली, खाली बसले आणि एक खडा तिच्या ओठांत ठेवला.

"खा," ते म्हणाले. "खा सुमन. मी न्हाई म्हणत न्हाई."

आणि तो विरघळायची वाट पाहत ते तिथंच बसून राहिले.