चार बोटांची काळी पट्टी

माझ्या पडद्याच्या खालच्या कडेला एक काळी पट्टी आहे. सुरुवातीला ती बोटभर होती, सात महिन्यांत चार बोटं झाली. पट्टीच्या वरच्या ओळी एकमेकींवर दुमडतात आणि तिथे नुसता पांढरा गोळा दिसतो. बातम्या देणारी बाई त्यामुळे हल्ली जरा बुटकी झाली आहे.

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, पाठीकडे फुगलेला, काचेच्या नळीचा. कारखान्यात शेवटचा हात एका बाईचा लागला. तिने काच पुसली, चित्र सरळ आहे ना ते पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. पुढची बावीस वर्षं या एकाच घरात गेली. सामना असला की शेजारी खुर्च्या घेऊन यायचे. तेव्हा माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल असे, आता इस्त्रीचे कपडे असतात.

समोर रोज आजोबा बसतात. त्यांना दोन वर्षांपासून जवळजवळ ऐकू येत नाही. कोणी समोरून सावकाश बोललं तर ओठांवरून कळतं, एवढंच. हे मला ठाऊक आहे, कारण घरी कोणी नसलं की ते माझा आवाज चालूच करत नसत. खालून सरकणाऱ्या ओळी वाचायचे आणि त्यातलंच काहीबाही जेवताना सांगायचे. घरच्यांना कळलं तर नातीला शाळेतून आणायचं काम आपल्याकडून जाईल, ही त्यांना धास्ती. ओळींचा गोळा झाला तसे ते जेवताना गप्प बसू लागले.

मुलाने त्याचा वेगळाच अर्थ लावला. टीव्ही आईने हौसेने घेतलेला, बाबांचा त्याच्यात जीव अडकलाय, तो जाणार म्हणून ते खंतावलेत, असं त्याचं म्हणणं. सून नवा घेऊ म्हणाली की तो पुढच्या महिन्यावर टाकायचा. दुरुस्तीचंही तेच. तोवर मला डाव्या कुशीत थापट्या मिळत. मित्रांनो, आतला सुकलेला कपॅसिटर थापटीने बरा होत नाही.

शेवटी काल दुरुस्तीवाला आला. त्याने माझी पाठ उघडली, धूळ फुंकली आणि बराच वेळ आत पाहिलं.

"पट्टी घालवून देतो," तो म्हणाला. "पण ट्यूब थकलीय. अक्षरं पुसटच राहतील."

"राहू देत," सून म्हणाली. "बाबांना आवाज आला की झालं. आवाज ठणठणीत आहे याचा."

मुलानेही मान डोलावली. दुरुस्तीवाला मात्र आजोबांसमोर उकिडवा बसला आणि त्याने सावकाश विचारलं, ठेवायचा की बदलायचा? इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. वस्तू जपा, मित्रांनो, पण ती कोणाला कशासाठी लागते, हे आधी त्याच माणसाला विचारा. माझं मागणं तेवढंच आहे.

आजोबा त्याच्या ओठांकडे पाहत राहिले. मग मुलाकडे वळले.

"बदल," ते म्हणाले. "अक्षरं स्पष्ट दिसतील असा आण. मला ऐकू येत नाही रे, दोन वर्षं झाली."