चार नंबरचा प्लॉट

माफी मागावी तर अशी! टौरंगाच्या त्या चर्चमध्ये पाद्रीबुवा कागद घेऊन उभे राहिले होते. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या मूळच्या माओरी लोकांनी ही जमीन विश्वासाने चर्चकडे सोपवली, आम्ही ती बळकावून बसलो, आम्हाला क्षमा करा, असं त्यांनी भर सभेत वाचून दाखवलं. जनार्दनांच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेजारच्या माओरी हुहानाबाईंनी बोलावलं म्हणून ते मुलाबरोबर, सुमेधबरोबर आले होते. हुहानाबाईंच्या आजीचं घर चर्चमागच्या कुरणातच होतं म्हणे.

आणि मग त्याच माणसाने त्याच तोंडाने जाहीर केलं की मागच्या कुरणाचे सहा प्लॉट पाडलेत. चार नंबर सुमेध घेतोय, उद्या सही, नव्या शेजाऱ्यांचं स्वागत करू या! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जनार्दनांचं टाळकंच सरकलं. "अरे, तू घेतोयस तो प्लॉट त्या कुरणातला?"

"बाबा, हळू बोला. टायटल एकदम क्लीन आहे, लॉयरने बघितलंय. भूमिपूजन तुम्हीच करायचंय."

"क्लीन? मला शिकवतोस? तीस वर्षं तलाठी होतो मी! कातकऱ्यांच्या वाडीचा सातबारा याच हाताने क्लीन केलाय. साहेब म्हणाले नावं कमी करा, मी केली. आज तिथे फार्महाउसं आहेत. मेल्या, माझ्याच्याने तिथे माफी मागायलासुद्धा जाववलं नाही, आणि हा बाबा माफी मागून वर जमीन विकतोय!"

लोक वळून बघायला लागले. सुमेधला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तो त्यांचा आपापसातला प्रश्न आहे, बाबा. आपण नाही घेतला तर दुसरा कुणी घेईल."

"हेच म्हणालो होतो मी तेव्हा," जनार्दन म्हणाले आणि ताडकन उठले.

हुहानाबाई चहाच्या टेबलापाशी एकट्याच उभ्या होत्या. जनार्दनांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सरळ विचारलं, "तुमच्या आजीच्या जागेवर माझ्या मुलाला घर बांधायचंय. बांधू दे का त्याला?"

हुहानाबाईंनी कप खाली ठेवला. एवढी माफी झाली, भाषणं झाली, पण हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

"नको," त्या म्हणाल्या.

जनार्दन मुलापाशी परत आले. "नको म्हणतात त्या. आता उद्या सही केलीस, तर पूजेला दुसरा बाप शोध."