करडीचं पहिलं शिंगरू

करडीनं स्वतःच्या शिंगराला लाथ घातली, आणि सेवेल्माआत्यानं माझे हात हुंगले.

"साबण?"

मी मान डोलावली. शाळेच्या वसतिगृहातून सुट्टीला येताना मी गुलाबाच्या वासाचा साबण आणला होता, आणि सकाळी करडी व्यायली तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच धावले होते. जीवशास्त्रात वर्गात पहिली आलेली मुलगी नुसती बघत कशी उभी राहील? मी शिंगराचं नाक मोकळं केलं, माझ्या टॉवेलनं त्याला कानांपासून खुरांपर्यंत लख्ख पुसलं. आईनं चाटायचं ते सगळं मीच उरकून टाकलं. करडी पहिलटकरीण. तिनं हुंगलं, तिला गुलाबाचा वास आला. तिच्या लेखी ते कुणाचंच शिंगरू नव्हतं.

"पुढच्या वेळी पावडरपण लाव," बाबा म्हणाले. "म्हणजे थेट शाळेतच घालू त्याला."

मला हसू आलं नाही. ऊन तंबूच्या माथ्यावर आलं होतं. लवकर पोटात चीक गेला नाही तर शिंगरू जगत नाही, हे आमच्याकडे पुस्तकाशिवायही सगळ्यांना ठाऊक असतं. ते थरथरत उभं राही, आचळाकडे तोंड नेई, की करडी कान पाडून अंगावर येई. दोनदा पडलं. तिसऱ्यांदा उठायला त्यानं फार वेळ घेतला.

सेवेल्माआत्या बाबांची थोरली बहीण. पलीकडच्या तंबूत एकटी राहते. तीस वर्षं आमच्या घोड्यांची बाळंतपणं तीच करते आहे, आणि बोलण्यात महाकंजूष. तिचं नुकतं चालायला लागलेलं लेकरू एका हिवाळ्यात गेलं, एवढंच मला माहीत होतं. मुलगा की मुलगी, तेही नाही. आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर गेलेलं माणूस मागे वळून येतं म्हणतात.

आत्यानं करडीची वार उचलून शिंगराच्या अंगभर चोळली, वर मीठ टाकलं. करडी जवळ आली आणि फुरफुरत मागे सरली. मग, पिलाला झिडकारणाऱ्या आईसाठी आमच्याकडे गातात तशी, आत्या तिच्या मानेला टेकून गाऊ लागली. "गुरी, गुरी..." शिंगरांना हाक मारायचे तेवढेच शब्द, लांबवत, पुन्हा पुन्हा. वारा पडला होता. करडी ढिम्म.

आणि मग गुरीच्या जागी दुसराच शब्द आला.

"खुलान... खुलान..."

खुलान हे आमच्यात मुलीचं नाव; कळपात खुलान कुणी नाही. घोड्यांना आम्ही रंगावरून हाक मारतो. बाबांच्या हातातला दोर खाली पडला.

"ताई," ते म्हणाले, "नको."

त्यांचा चेहरा पाहून मला कळलं. मुलगी होती.

आत्या थांबली नाही. करडीचे कान एकदम ताठ झाले. ती माझ्या पाठीमागे बघू लागली. तिथं उघड्या माळाशिवाय काही नव्हतं, तरी मी वळून पाहिलं नाही. जीवशास्त्रात पहिली आलेली मी, माझ्या मानेवर काटा उभा राहिला होता.

करडी घशातल्या घशात हुंकारली. मान वाकवून तिनं शिंगराला चाटलं, एकदा, मग चाटतच राहिली. शिंगरू धडपडत तिच्या पोटाशी गेलं. चोखण्याचा आवाज आला तेव्हा बाबांनी खाली पडलेला दोर उचलला.

आत्या गायची थांबली होती. एक हात करडीच्या मानेवर होता. दुसरा तिच्या स्वतःच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, शिंगराच्या पाठीहून बराच खाली, हवेत हलके हलके थोपटत होता.