अबोलीच्या वाढदिवसाचे लाडू

तोंड उघडून अनिताला काय मिळणार होतं? कौसल्येकडचं बचत गटाचं अध्यक्षपद, दुसरं काय. कौसल्येच्या घरात एड्सनं गेलेल्या भावाची पोर आहे, एवढं एक वाक्य नळावर सांडलं की खुर्ची आपोआप अनिताकडं सरकणार. कौसल्या हा हिशेब मनात मांडायची आणि दर वेळी उत्तर अनिताच्याच फायद्याचं निघायचं.

पिंपळीपलीकडच्या त्या वस्तीवर खरं ठाऊक असणारी दुसरी होतीच कोण? दोघींचं माहेर वालचंदनगरकडचं, एकाच गावचं. तिथं भाऊ-भावजय गेल्यावर शाळेतली पोरं अबोलीशेजारी बसेनात. पोरीला काही नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तरी बसेनात. म्हणून कौसल्येनं भाचीला इथं आणून तिसरीत घातलं आणि आईबाप गाडीच्या अपघातात गेल्याचं सांगून टाकलं.

हल्ली कौसल्येला बघितलं की अनिता गप्प व्हायची. बडबड्या बाईचं गप्प होणं कौसल्येला कधीच फुकटचं वाटलं नाही.

म्हणून वाढदिवसाला तिनं अबोलीबरोबर वर्गासाठी घरचे बेसनाचे लाडू धाडले. कागदातलं चॉकलेट कुणीही घेतं. हातचा लाडू पोरं खातात का, त्यावरनं वस्तीला काय कळलंय ते कळणार होतं.

संध्याकाळी डबा भरलेलाच परत आला.

"कुणीच घेतलं न्हाय?"

अबोलीनं खाली बघत नुसती मान हलवली.

कौसल्या तशीच अनिताच्या दारात. अनिता शेजारणींबरोबर शेंगा फोडत बसलेली.

"सांगितलंस ना शेवटी? माझ्या भावाला एड्स व्हता म्हणून?"

शेजारणींचे हात थांबले.

"अक्का, मी कुणाला सांगितलं न्हाय," अनिता हळूच म्हणाली. "आत्ता तुमीच सांगितलंत."

"मग माझ्यापासनं तोंड का चुकवतीस?"

"तुमच्याशी बोलाय लागलं की माहेरचा विषय निघतो. त्यात पोरीचं निघू नये, म्हणून गप व्हते."

घरी अबोली उंबऱ्यात उभी होती.

"आत्या, मी डबा उघडलाच न्हाय. तिकडच्या शाळंत माझ्या हातचं कुणी घेत न्हवतं. हितं पण घेतलं नसतं तर?"

दोन दिवसांत शेजारणींकडनं अबोलीची गोष्ट शाळेपर्यंत गेली. गुरुजींनी पालकांना बोलावून समजावलं. पालकांनी माना डोलावल्या आणि आपापली पोरं तिच्या शेजारून उठवली. मग शाळेची वेळ झाली की अबोलीचं पोट दुखू लागलं. पुढं पुढं कुणी तिला कारणही विचारेना.

अध्यक्षपद कौसल्येकडंच राहिलं. अनितानं ते कधी मागितलंच नव्हतं. संशय आत्याचा, तोंडही आत्याचं. भरपाई केली ती अबोलीनं, शाळा सोडून.