जिन्याची पाटी

त्या शनिवारी मी चर्चमधून, मिस्साहून परतले, तर आमचे घरमालक एबरले जिन्याच्या खालच्या पायरीवर पाटी मांडीवर घेऊन बसलेले.

आमच्या घरात बिऱ्हाडं दोनच. वर ते, खाली मी. पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. शनिवारी काम झालं की पाटी दुसऱ्याच्या दारावर. आमच्या रोटनबुर्ग गावात एक वेळ चर्च चुकलेलं खपतं, जिना चुकलेला खपत नाही.

तीन वर्षांपूर्वी एबरलेंचे गुडघे गेले. तेव्हापासून त्यांच्या आठवड्यातही मीच झाडत असे. पहाटे मिस्साला जाण्याआधी, बादलीचा आवाज न करता. शनिवारी ते काठी टेकत खाली येत, माझ्या दारावर पाटी अडकवत आणि म्हणत, "झाला बरं का माझा आठवडा." मी म्हणे, "लख्ख केलात, मालक." यापलीकडे आम्ही दोघंही कधी काही बोललो नाही.

आज मात्र ते पाटी अडकवत नव्हते.

"क्रेसेन्झबाई, घर विकतोय मी. मुलीजवळ, उल्मला जायचं म्हणतो. तिथल्या वृद्धाश्रमात लिफ्ट आहे."

"बरंच आहे की," मी म्हटलं आणि कुलपात किल्ली घातली.

"दलाल म्हणतो, घर रिकामं असेल तर चांगलं विकलं जाईल. आत माणूस असेल तर गिऱ्हाईक नाक मुरडतं."

"मग मी काय करावं म्हणता?"

"मी कुठं काय म्हणतोय!" ते एकदम चिडले. "तुमचा करार नव्या मालकालाही पाळावाच लागतो. पण त्यालाच राहायला जागा हवी असली, तर तो नोटीस देऊ शकतो. सव्वीस वर्षं झाली तुम्हाला. तुमच्या त्या देवाला विचारा काहीतरी."

देवाला मी विचारलंच. संध्याकाळच्या जपमाळेत पहिले दहा मणी त्यांच्या गुडघ्यांसाठी ओढले, मग माझ्या घरासाठी. त्यांचंही खोटं नव्हतं. घर त्यांचं होतं, म्हातारपणही त्यांचंच.

दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच मी दार उघडं ठेवायचं, असं ठरलं. लोक आले. एकाने भिंती ठोकून पाहिल्या. एका बाईने भिंतीवरचा ओलीचा डाग पाहावा तसं मला पाहिलं आणि एबरलेंना विचारलं, "या अजून किती वर्षं?"

"ते वरच्याला विचारा," एबरले म्हणाले. "आणि वरचा म्हणजे मी नव्हे!"

चौथ्या गुरुवारी ब्रेमेनहून वीबके आणि हेन्नर हे जोडपं आलं. तिला जुळं होणार होतं. हेन्नर जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवून म्हणाला, "धुळीचा कण नाही! कोण करतं हे?"

"एक आठवडा ह्या, एक आठवडा मी," एबरले म्हणाले.

हेन्नरची नजर त्यांच्या काठीवर गेली. एबरलेंचे कान लाल झाले.

"खोटं बोललो," ते म्हणाले. "तीन वर्षं दोन्ही आठवडे ह्याच करतात. आणि मला ते कळत नाही, असं ह्यांना वाटतं."

"मला कुठं तसं वाटत होतं!" मी म्हटलं. तेव्हा वीबके पोटाला धरून इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

मग ती खरं बोलली. "आजी, आत्ता आम्हाला वरचं बिऱ्हाड पुरेल, पण पुढे एक खोली कमी पडेल. मुलं मोठी झाली की तुमच्या जागेची गरज लागेल. आत्ताच सांगते. नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं होईल."

माझी मागची खोली जिन्यावर उघडते. तिथे माझे यजमान आंटोन घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्यापासून तिथे घड्याळं नाहीत, मी नुसता दिवा लावते. रविवारी ती दोघं पुन्हा आली, तेव्हा मी वीबकेला म्हटलं, "ती खोली घ्या. भाडं त्या मानाने कमी करा. बाकीच्या दोन खोल्यांत मला मरेपर्यंत राहू द्या. मात्र लेखी."

"लेखीच," हेन्नर म्हणाला. एबरलेंनाही हवी तेवढी किंमत मिळाली.

घरविक्रीच्या दिवशी नोटरी करारातला शब्द न् शब्द मोठ्याने वाचत होता. माझी सही लागणार नव्हती, तरी एबरलेंनी मला हट्टाने नेलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. तळघर, छप्पर, नळ, सगळं झालं. चर्चची बाराची घंटा झाली, तशी मी डोळे मिटून रोजची प्रार्थना म्हणू लागले. डोळे उघडले, तर नोटरी पुढच्या पानावर होता.

"थांबा हो," एबरले म्हणाले. "बाईंचं कलम पुन्हा वाचा. त्या देवाकडे गेल्या होत्या."

नोटरीने चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचलं: नवा मालक स्वतःच्या गरजेसाठी किंवा इतर कोणत्याही कारणासाठी, भाडेकरू करार पाळत असेल तोवर, तिच्या हयातीत तिला जागा सोडायला सांगणार नाही.

"आता ऐकलंत?" एबरले म्हणाले.

"ऐकलं, मालक."

एबरले उल्मला गेले आणि ती दोघं वर राहायला आली. गेल्या आठवड्यात हेन्नरची पहिली पाळी झाली. शनिवारी त्याने माझ्या दारावर पाटी अडकवली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला. तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात धूळ तशीच होती. मी म्हटलं, "लख्ख केलंत." कोपरे दाखवायला आता भरपूर वेळ आहे.