दालचिनीवरची ॲटलास

मी बोलतेय, दापोलीच्या शेतकी कॉलेजातल्या काचेच्या पेटीतून. येणारे-जाणारे मला फुलपाखरू म्हणतात. पण मी पतंग आहे. ॲटलास पतंगाची मादी.

जवळच्याच गावात, मथुरा नावाच्या बाईच्या परसातल्या दालचिनीवर मी वाढले. अळी होते तेव्हा पानांचा फडशा पाडला, मग रेशमी कोश विणून गपचूप पडून राहिले. चौऱ्याऐंशी सालच्या भाद्रपदात एका सकाळी बाहेर पडले आणि ओले पंख वाळवायला पडवीच्या भिंतीवर चढले. जांभ्या दगडाच्या रंगाचे वीतभर पंख, त्यांत काचेसारख्या तिकोनी खिडक्या, आणि टोकाला हुबेहूब सापाचं तोंड.

त्या तोंडानेच घात केला. शेजारची गोदूबाई किंचाळली, "अगो मथुरा, साप! केरसुणी आण!"

मथुराने केरसुणी उगारलीही. तेवढ्यात शेजारच्या वाडीतली आसिया धावत आली. ती शेतकी कॉलेजात कीटकांचा अभ्यास करायची.

"वहिनी, मारू नको! साप नाय, पतंग आहे. मिशा बघ, कंगव्यासारख्या. फुलपाखराच्या मिशांना टोकाला गाठ असते. ही रेशीमकिड्यांच्या गोतातली."

मला हायसं वाटलं. पण तिने पिशवीतून रुंद तोंडाची बाटली काढली. किडे मारायच्या औषधाचा उग्र दर्प आला.

"आत्ता नेली तर पंख कोरे मिळतील. कॉलेजात असा नमुना नाय."

"ही खाते काय गो?" मथुराने विचारलं.

"काही नाय. हिला खायला तोंडच नसतं. अंडी घालायची नि आठवड्याभरात मरायचं."

मथुराला सातवा महिना होता. केरसुणी खाली ठेवून ती म्हणाली, "मग घालू दे की अंडी. मेल्यावर ने."

आसियाने एकदा माझ्याकडे, एकदा मथुराच्या पोटाकडे पाहिलं. मग तिने बाटलीला बूच लावलं.

माझ्या वासावर नर आला. मी पानांखाली अंडी घातली. एकदा कोतवाल पक्ष्याने झडप घातली, तेव्हा उजवा पंख फाटला. शेवटी मी मरून गळून पडले, तेव्हा आसियाने मला रुमालात उचललं.

कॉलेजात सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "फाटका नमुना आणलास?"

"अंडी घालीपर्यंत थांबले, सर."

चिमट्याने सरांनी माझा फाटका पंख हलकेच सरळ केला.

आता रंग विटलाय, डांबरगोळ्यांचा वास अंगात मुरलाय. खुशाल बघा मला, मिशा बघा, जात ओळखा. मात्र माझ्यासारखी कुणी तुमच्या भिंतीवर येऊन बसली, तर तिला बसू द्या. तिच्याकडे दिवस फार थोडे असतात.